सासऱ्यांपुरती सावली

माझे सासरे बोचे खेळताना उन्हाने चक्कर येऊन पडले, तेव्हा पडता पडता त्यांच्या हातून गोळा सुटला आणि तो घरंगळत जाऊन नेमका लहान गोळीला चिकटला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "गुण कुणाला?" असा. ओरेस्तेचं म्हणणं पडलं की बेशुद्ध माणसाचा डाव धरत नाहीत. मिक म्हणाला, हात सुटला तेव्हा डोळे उघडे होते, त्यामुळे धरावा. ही वादावादी अँब्युलन्सच्या दारापर्यंत चालली आणि तिथल्या नर्सने दार लावून घेतलं म्हणून थांबली.

त्यानंतर आमच्या भागात जे जे घडलं त्याला मी जबाबदार आहे, असं आज बोललं जातं. लोकांना बोलायला काहीतरी लागतं. माझी मागणी फक्त एका छपराची होती, हे मी इथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो.

बोचे म्हणजे गोट्यांचाच खेळ, फक्त गोटी नारळाएवढी आणि खेळणारे सत्तरीच्या पुढचे. एक लहान गोळी लांब टाकायची आणि मग आपापले गोळे तिच्या जवळात जवळ नेऊन ठेवायचे. सिडनीबाहेरच्या आमच्या स्लॅग पॉइंट वस्तीत बंद पडलेल्या सिनेमाच्या मागे मातीची एक पट्टी होती. तिथे रोज सकाळी चौघे जण हा खेळ खेळत. माझे सासरे सेवेरिनो, न्हावीकाम सोडलेला ओरेस्ते, पोलाद कारखान्यात भट्टीवर काम केलेला रिस्तो, आणि मिक डेलाहंटी. या मिकला बोचेतलं काही कळत नसे, पण युनियनमध्ये आयुष्य गेल्यामुळे वाद कसा घालायचा ते पक्कं ठाऊक होतं. कारखान्याच्या भट्ट्या एकेक करून विझल्या, सिनेमा बंद झाला, बँक गेली, पण ही पट्टी मात्र चालू होती. तिच्यावर सावली तेवढी नव्हती.

हॉस्पिटलमधून परत येताना माझी बायको लोरेडाना म्हणाली, "कॉलिन, मोडकळीला आलेली शहरं खेळांमुळे कशी वर येतात, ते तू शाळेत पोरांना शिकवतोस ना?"

"दहावीला. नववा धडा."

"मग माझ्या बापाच्या डोक्यावर चार पत्रे घालून दाखव."

मी भूगोलाचा शिक्षक. नववा धडा हा माझा हातखंडा. एका शहराने जुन्या गोदीत पोहण्याचे तलाव बांधले, दुसऱ्याने खाणीच्या जागी सायकलींचा मार्ग केला, हे मी इतक्या तन्मयतेने शिकवतो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कधी कधी जागी असतात. अशा माणसाला चार पत्रे म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं.

आमच्या शेजारच्या नोएलीनला कुंपणावरून सल्ला देण्याचा नाद आहे. ती म्हणाली, "ताडपत्री आण, दोन खांब, चार दोऱ्या. माझा केव्हिन चहा पिता पिता बांधून देईल."

"नोएलीन, ती जागा पालिकेची आहे. रीतसर परवानगी घ्यायला हवी."

"पालिकेला कुठे दिसतंय? सिनेमा बंद झालेलाही त्यांना अजून दिसलेला नाही."

पण सुशिक्षित माणसाने ताडपत्री बांधणं मला कमीपणाचं वाटलं. उद्या शाळेतल्या कुणी विचारलं की सर, नगरविकासात तुमचं योगदान काय, तर काय सांगणार? ताडपत्री?

मी पालिकेत गेलो. खेळ आणि विरंगुळा विभागात ब्रॉनविन नावाच्या बाई होत्या. त्यांनी फार आपुलकीने ऐकून घेतलं. सासऱ्यांची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "सावली आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येते?"

"सावली झाडांच्या विभागाकडे. ते झाड लावून देतील."

"झाडाची सावली पडेपर्यंत हे चौघे राहायला हवेत ना, बाई."

ब्रॉनविन बाईंनी मान हलवली. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. राज्य सरकारने नवीन निधी काढला होता, खालावलेल्या वस्त्यांना खेळांतून नवजीवन देण्यासाठी. मी उडालोच. म्हणजे सरकार नववा धडा वाचत होतं तर.

"फक्त एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "छपराला लागतात तेवढे थोडे पैसे ते देत नाहीत. मागणी जरा मोठी करावी लागेल."

"किती मोठी?"

"छप्पर, त्याखाली मैदान, मैदानाभोवती चौक, आणि चौकात लोकांनी लांबून बघायला यावं असं काहीतरी. मग छप्पर आपोआप येईल."

हे मला पटलं. आज मागे वळून बघताना ते का पटलं ते सांगता येत नाही, पण त्या खोलीत पंखा होता, बाई गोड बोलत होत्या, आणि मला पहिल्यांदाच कुणीतरी भूगोलाचा माणूस म्हणून वागवत होतं.

"आणि आणखी एक," त्या म्हणाल्या. "तुमचा भाग पुरेसा खालावलेला आहे, हे दाखवावं लागेल. गेल्या वर्षी एका वस्तीने अर्ज केला. अगदी शेवटच्या फेरीपर्यंत गेली. तिथे तपासणीला माणूस आला आणि बँक चालू निघाली."

तर पुढचे काही शनिवार मी कॅमेरा घेऊन माझाच भाग किती वाईट आहे ते शोधत हिंडलो. बंद दुकानं, फुटकी काच, गंजलेला झोपाळा. सुरुवातीला वाईट वाटलं. नंतर नंतर एखादं दुकान उघडं दिसलं की वाईट वाटायला लागलं. वॉरिक खाटकाचं शटर जेवणाच्या वेळेस अर्धं खाली होतं, तेव्हा मी त्याचाही फोटो काढला. कोन चांगला मिळाला होता.

हे फोटो वर्तमानपत्राच्या हाती कसे लागले ते मला ठाऊक नाही. ब्रॉनविन बाई म्हणतात त्यांनाही ठाऊक नाही. पहिल्याच पानावर छापून आलं, 'आमचा भाग मरतो आहे, स्थानिक शिक्षकाचा आक्रोश.' मी आक्रोश केलेला नव्हता. माझा जो फोटो छापला होता त्यात मी शिंकत होतो.

सोमवारी वॉरिककडे सॉसेज आणायला गेलो. त्याने सुरी पुसली आणि म्हणाला, "आम्ही बंद आहोत."

"वॉरिक, तुझ्यामागे सॉसेजची माळ लटकतेय."

"पेपरात फोटो आलाय, कॉलिन. शटर खाली आहे. शिकलेल्या माणसाने काढलाय, खोटा कसा असेल?"

त्यानंतर अर्धं वर्ष आम्ही शेजारच्या उपनगरातून सॉसेज आणत होतो. ते चांगले नसत.

पण निधी मिळाला. आमच्या भागाला खालावलेपणात राज्यात दुसरा क्रमांक मिळाला होता. ब्रॉनविन बाईंनी अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ती बातमी वर्गात सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकीने हात वर करून विचारलं, "सर, मग पहिला नंबर कुणाचा आला?" तिच्या आवाजात चुरस होती.

मग सिडनीहून लॉकलन आला. गावांना नवी नावं देणं हा त्याचा धंदा. पायात महागडे बूट, आत मोजे नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पहिल्या रांगेत चौघे म्हातारे बसले होते, कारण पट्टीभोवती सकाळीच जाळी लागली होती आणि त्यांना जायला दुसरी जागा नव्हती.

"मला एक सांगा," लॉकलनने विचारलं, "स्लॅग म्हणजे नक्की काय?"

रिस्तो उभा राहिला. "लोखंड वितळलं की वर मळ येतो. तो स्लॅग. मी जन्मभर तो ओतत होतो. तुम्ही आता त्याच्यावरच उभे आहात. हा सगळा भागच त्याच्या भरावावर आहे."

लॉकलनने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. "फार सुंदर. पण हा शब्द आपण काढूया."

म्हणजे उरलं नुसतं पॉइंट. त्याने ते पडद्यावर दाखवलं. पुढे एक टिंब होतं. पॉइंट. हे टिंब नावाचाच भाग आहे, ते गाळायचं नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

पहिल्या रांगेतून मिक म्हणाला, "सगळं कळलं. पण पॉइंट काय?"

लॉकलन त्याच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "हे तुम्ही आत्ता काय बोललात ते पुन्हा बोला."

महिन्याभरात रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर निळे फलक लागले. 'पॉइंट काय? पॉइंट.' याचा अर्थ आम्हाला कुणालाच सांगता येईना, पण मिकला मानधन मिळालं आणि तेव्हापासून तो स्वतःला लेखक म्हणवतो.

लांबून बघायला यावं असं काय करायचं, हा प्रश्न त्याच सभेत निघाला. "इतर गावांकडे बघा," लॉकलन म्हणाला. "कुणाकडे मोठं केळं आहे, कुणाकडे मोठी मेंढी, कुणाकडे मोठा झिंगा. तुमच्याकडे मोठं काय आहे?"

"दवाखान्यातली रांग," नोएलीन म्हणाली.

शेवटी मोठा बोचेचा गोळा ठरला. दुमजली घराएवढा, आरशासारखा लखलखीत पोलादाचा. सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. ते मला मास्तर म्हणतात. लग्नात म्हणायला लागले, तेव्हा मला तो मान वाटला होता.

"मास्तर, छपराचं काय झालं?"

"पापा, ते आराखड्यात आहे. शिडांसारखं, पांढरं. परदेशातल्या मोठ्या वास्तुरचनाकाराने काढलंय. मी स्वतः तपासून सही केली आहे."

"चांगलं बांधतील?"

"जागतिक दर्जाचं, पापा."

आता पुढची हकिगत सांगताना मला त्रास होतो, तेव्हा ती पटकन सांगून टाकतो. छप्पर झालं. खरोखर शिडांसारखं, पांढरंशुभ्र, देखणं. पण आमच्याकडे, पृथ्वीच्या या खालच्या अर्ध्यात, सूर्य उत्तरेकडून तळपतो. वास्तुरचनाकार वरच्या अर्ध्यातला. त्याने शिडं मैदानाच्या दक्षिण कडेला उभी केली, म्हणजे त्याच्या देशात जशी करावीत तशी. सावली पडली ती थेट पलीकडच्या पार्किंगमध्ये. मैदानावर सबंध ऊन आणि मोटारी गारेगार.

आराखड्यावर उत्तर दिशेचा बाण होता. त्याच्या शेजारीच माझी सही होती. सूर्य कुठून येतो हे मी सातवीला पहिल्याच आठवड्यात शिकवतो. स्टाफरूममध्ये कुणीतरी माझ्या कपात होकायंत्र ठेवलं. कुणी, ते विचारायला मी गेलो नाही. गणिताच्या मिसेस प्रुडोंना मात्र त्या दिवशी फार खोकला येत होता.

गोळ्याचं वेगळंच झालं. पोलादाच्या आमच्या गावात तसलं लखलखीत पोलाद होत नाही, ते बोटीने बाहेरून आलं आणि महाग पडलं. पैसे अर्ध्या गोळ्यातच संपले. उरलेला अर्धा दुसऱ्या टप्प्यात होईल असं ठरलं. अर्धगोळा सांगाड्यावर तिरका बसवला, पोकळ बाजू पुढे. लॉकलन म्हणाला की अपूर्णतेतही एक विधान असतं.

ते विधान उद्घाटनाच्या दिवशी समजलं. मे महिना, आकाश निरभ्र, ऊन उत्तरेकडून तिरपं येत होतं. महापौर बाई भाषणाला उभ्या राहिल्या. त्यांच्या मागची प्लास्टिकची खुर्ची आधी जराशी वाकली. मग नम्रपणे गुडघ्यावर बसली. मग तिचा एक हात गळून पडला. अर्धगोळ्याने सगळं ऊन गोळा करून नेमकं तिथे आणून ओतलं होतं. महापौर बाई भाषण संपवून बसायला वळल्या, तेव्हा बसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गर्दी मागे सरली. पुढे फक्त मिक गेला. त्याने वॉरिकच्या स्टॉलवरून एक सॉसेज उचललं, काट्याला टोचलं आणि खुर्चीच्या जागी हवेत धरलं. थोड्या वेळाने परत येऊन त्याने ते पावात घातलं, वर कांदा घेतला आणि चावून म्हणाला, "हा झाला पॉइंट."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो होता. आणि पुढच्या शनिवारी सिडनीहून गाड्या आल्या.

खरं सांगायचं तर नवव्या धड्यात लिहिलंय तसंच झालं. लोक आले. उन्हात सॉसेज भाजायला रांगा लागल्या. कॉफीची दुकानं निघाली, त्यांतल्या एकात कॉफीबरोबर तुम्हाला पाणी का हवं आहे ते विचारतात. वॉरिकने सॉसेजमध्ये रोझमेरी घातली, भाव दुप्पट केला आणि मला माफ केलं. नोएलीनचा केव्हिन पार्किंगच्या सावलीत मोटारी धुतो आणि त्याचं बरं चाललंय.

चौघांचं मात्र बरं चाललं नाही. नवं मैदान हिरव्या कृत्रिम गवताचं होतं. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी गुडघ्यावर बसून ते हाताने चाचपलं.

"हा गालिचा आहे."

"पापा, आंतरराष्ट्रीय सामन्यांना हेच वापरतात."

त्यांनी गोळा टाकला. तो लहान गोळीजवळून गेला, पुढे गेला, आणि भिंतीला लागला. "मातीवर गोळा जरा विचार करतो," ते म्हणाले. "इथे नुसता पळतो."

शिवाय जागा मोबाइलवरून राखून ठेवावी लागे. सासऱ्यांचा फोन स्वयंपाकघरात भिंतीला आहे. मी त्यांच्यासाठी जागा राखायचो, पण मिळायची ती बुधवारी तिसऱ्या प्रहरी, एका विमा कंपनीची सहल आणि एका होणाऱ्या नवरीच्या मैत्रिणी यांच्या मधली. एकदा डाव निम्म्यावर आला असताना मैदानाची व्यवस्था बघणारी टोपीवाली मुलगी आली आणि म्हणाली, "काका, वेळ संपली."

ओरेस्ते म्हणाला, "पोरी, सात-सात झालेत."

"हो, पण वेळ संपली."

ते चौघे गोळे पिशवीत भरून निघाले. मैत्रिणींनी त्यांना थांबवून त्यांच्याबरोबर फोटो काढले. फार गोड आहेत म्हणाल्या.

त्याच सुमारास ओरेस्तेचं घर गेलं. तो आपल्या जुन्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचा. मालक चांगला माणूस, त्याने स्वतः येऊन सांगितलं की शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या दिल्या तर दोन दिवसांत महिन्याचं भाडं सुटतं, तूच सांग मी काय करू.  ओरेस्तेची मुलगी लांब टूवूम्बाला राहते, तिथे जायचं ठरलं.

निरोप द्यायला आम्ही सगळे बसच्या थांब्यावर गेलो. वर खांबावर निळा फलक होता. ओरेस्तेने जाण्यापूर्वी माझ्या मानेवरचे केस बोटाने वर करून बघितले. "कोण कापतं हल्ली?"

"मॉलमध्ये एक आहे."

"वाकडे कापतो." मग त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझं काही चुकलं नाही, मास्तर. तू छप्पर मागायला गेला होतास."

मग छप्पर कुठे आहे, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तर देण्यात माझा हात कुणी धरत नाही.

त्या वर्षी पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. नवव्या धड्यात आमचा भाग होता, अर्धगोळ्याच्या रंगीत चित्रासकट. सहामाहीत मी प्रश्न घातला, 'पॉइंट. या वस्तीच्या पुनरुज्जीवनाचे मूळ कारण सांगा.' एका मुलीने लिहिलं, 'सरांचे सासरे चक्कर येऊन पडले.' मी पैकीच्या पैकी गुण दिले. टिंबसुद्धा तिने गाळलं नव्हतं.

सासरे मला बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते रविवारी जेवायला यायचे, ताटातलं संपवायचे, आणि मी 'पापा, अजून वाढू?' विचारलं की हाताने नको म्हणायचे. सकाळी त्यांना कुठे जायचं नसे. लोरेडाना सांगे की ते अंथरुणातच बसून राहतात.

एका शनिवारी मी शाळेच्या कामावरून परत आलो, तर घरासमोर लाल मातीचा ढीग. माझं लॉन गायब. हे लॉन मी लग्नापासून जपलेलं होतं, त्यावर पाहुण्यांना बूट काढायला लावत असे. आता तिथे कुंपणापासून गॅरेजपर्यंत लांबच लांब खणलेली पट्टी होती. लोरेडानाच्या हातात फावडं होतं, रिस्तो दोरी लावून पातळी बघत होता आणि मिक सूचना देत होता. कुंपणापलीकडून नोएलीन म्हणाली, "कडेला फळ्या ठोका, नाहीतर माती माझ्या गुलाबांत येईल." कुणाच्या तरी सल्ल्याप्रमाणे ताबडतोब काम होताना मी प्रथमच पाहत होतो.

"लोरेडाना, हे काय?" मी विचारलं.

"परवानगी काढायला तुला पाठवायचं नव्हतं," ती म्हणाली.

मी भूगोलाचा शिक्षक आहे. गवताखाली स्लॅगचा राखाडी थर होता, काचेसारखा, कडक. रिस्तोने त्यातला एक तुकडा उचलला, अंगठ्याने पुसला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या सकाळी तिघे जण जमले. बोचेला जोड्या लागतात. तिघांत खेळता येत नाही. मी खिडकीत वर्तमानपत्र धरून उभा होतो. ते पट्टीकडे बघत होते, मग एकमेकांकडे. सासरे खिडकीकडे वळले.

"मास्तर, बाहेर ये."

मी गेलो. त्यांनी माझ्या हातात गोळा ठेवला. गोळा वाटतो त्यापेक्षा जड असतो. मी टाकला, तो नोएलीनच्या गुलाबांत गेला. दुसरा गॅरेजच्या दाराला लागला. मिकने खेळाचे नियम बदलण्याची सूचना मांडली. रिस्तो म्हणाला, भट्टीवर नव्या माणसाला पहिले सहा महिने नुसतं उभं करत.  सासरे दर वेळी गोळा आणून माझ्या हातात देत राहिले. तेव्हापासून रोज शाळेपूर्वी मी तिथे असतो.

परवा सकाळी डावाच्या मध्येच घरात लोरेडानाचा मोबाइल वाजला. टूवूम्बाहून ओरेस्ते. लोरेडाना फोन बाहेर घेऊन आली. सासऱ्यांनी आधी तो पट्टीजवळ धरला आणि रिस्तोला टाकायला सांगितलं. गोळ्यावर गोळा आपटला. मग ओरेस्तेचा आवाज आला, तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"माझ्या जागी कोण आहे?"

"मास्तर."

"कसा टाकतो?"

सासऱ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जसं कुणी घर विकत घेण्याआधी बघतं.

"वाईट," ते म्हणाले. "पण येतो."

मग त्यांनी फोन लोरेडानाला दिला आणि मला म्हणाले, "टाक."